जंतू बाळाच्या पोटात, खापर आईच्या माथी

मैत्रिणींनो, बाईला दोष द्यायला आपल्या समाजाला कारणांची वाण कधीच नव्हती. मुलगी झाली, आईचा दोष. मूल किडकिडीत निघालं, आईचं दूध पातळ. मूल रात्री रडलं, आईनं काहीतरी वातूळ खाल्लं असणार. सासू बोलून दाखवते, शेजारीण सुचवून जाते, नवरा न बोलता कूस बदलतो. या जुन्या यादीत आता एक नवी ओळ आली आहे, आणि ती डॉक्टरी भाषेत आली आहे. बाळाच्या आतड्यात चांगले जंतू नाहीत. कारण आईचं सिझेरियन झालं, कारण आईनं अंगावर पाजलं नाही, कारण गरोदरपणी आईनं नीट खाल्लं नाही.

मी लालबाग-परळच्या चाळींमध्ये आणि दादरच्या काही वस्त्यांमध्ये बायकांच्या आरोग्याच्या बैठका घेते. पूर्वी बैठकीत प्रश्न यायचे ते अंगावरून जाण्याचे, रक्त कमी असण्याचे, तांबीचे. गेल्या काही वर्षांत 'गुड बॅक्टेरिया' हा शब्द सातवी शिकलेल्या मुलीच्याही तोंडी ऐकू येतो. कुणाला मोबाइलवर कुणी काही पाठवलेलं असतं, कुणी औषधाच्या दुकानातली पाटी वाचलेली असते. शब्द आला याचं मला वाईट वाटत नाही. बायकांना शरीराचं जितकं कळेल तितकं हवंच आहे. पण हा शब्द आला तो प्रश्न घेऊन आला नाही, अपराधीपणा घेऊन आला.

माझी भाची गिरगावात दिली आहे. तिचं सिझेरियन एका खासगी नर्सिंग होममध्ये झालं. दूध अजून उतरलं नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी, तिला न विचारता, बाळाला डब्याचं दूध पाजलं. घरी सोडताना बिलाबरोबर थेंबांची एक बाटली हातात ठेवली. सिझरच्या बाळाच्या पोटात चांगले जंतू नसतात, हे चालू ठेवा, असं सांगितलं. महिन्याभरानं मी तिच्याकडे गेले तेव्हा बाळाला मांडीवर थोपटत ती म्हणाली, "मावशी, माझ्यातच काही कमी पडलं का गं?"

हा लेख तिच्या त्या प्रश्नासाठी आहे. तिच्यात काही कमी पडलेलं नव्हतं. कमी कुठं पडतं, आणि ते झाकायला जंतूंचं शास्त्र कसं वापरलं जातं, ते आपण बघू.

शास्त्र काय म्हणतं

आधी शास्त्राशी प्रामाणिक राहू. ते खोटं नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या हेन्री तिसिए या डॉक्टरला १९०० च्या सुमाराला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये दोन फाटे फुटलेले जंतू दिसले. त्यांना आज बायफिडोबॅक्टेरिया म्हणतात. बाळ जन्मतं तेव्हापासून त्याच्या आतड्यात जंतूंची वस्ती बसायला लागते. काही आईच्या आतड्यातून येतात, काही तिच्या कातडीवरून, काही दुधातून, काही खोलीतून आणि हाताळणाऱ्या माणसांच्या हातांवरून. कोणते आधी येतात आणि कोणते टिकतात यावर बाळाचं पचन आणि रोगाशी लढण्याची ताकद बरीचशी अवलंबून असते.

आईच्या दुधाबद्दल तर एक नवलाची गोष्ट कळली आहे. त्यात लॅक्टोज ही साखर असते, स्निग्ध पदार्थ असतात, आणि तिसऱ्या क्रमांकावर दीडशेहून जास्त प्रकारच्या वेगळ्याच साखरा असतात. लिटरमागे साधारण पाच ते पंधरा ग्रॅम. चिकात त्याहून जास्त. गंमत अशी की या साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियासाठी. त्या खाऊन हे जंतू आंबट द्रव्यं तयार करतात, आणि त्या आंबटपणात जुलाबाचे, रक्तात विष पसरवणारे जंतू माजत नाहीत. आई बाळाला जेवू घालते आणि बाळाच्या राखणदारांनाही. आपल्याकडे चीक पिळून टाकायची आणि बाळाला आधी मध चाटवायचा ही रीत किती घरांत होती, अजून किती घरांत आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती सोडायला हवी. चीक टाकू नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यातून एक जीवघेणं विष तयार करणारे जंतू आतड्यात रुजू शकतात. आजीबाईच्या बटव्यातलं सगळंच सोनं नसतं.

सिझेरियनचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये ५९६ बाळांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिझेरियनच्या बाळांमध्ये आईच्या आतड्यातले जंतू कमी आणि इस्पितळात सापडणारे जंतू जास्त दिसले. हे खरं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की बाळ वर्षाचं होईपर्यंत हा फरक बहुतेक भरून आला होता. हा अर्धा भाग भाचीला कुणी सांगितला नाही. अर्ध्या शास्त्रावर माल खपतो. पूर्ण शास्त्र कळलं असतं तर ती महिनाभर रडली नसती.

आणखी दोन अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण ते आपल्यासारख्याच देशांतले आहेत. एक ओडिशातला. तिथल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. निम्म्या बाळांना सात दिवस चांगल्या जंतूंचं औषध दिलं, निम्म्यांना नुसती भुकटी. रक्तातल्या जंतुसंसर्गाचं आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण औषध घेतलेल्या बाळांत शेकडा ५.४ होतं, न घेतलेल्या बाळांत ९. हे २०१७ साली छापून आलं आणि जगभर गाजलं. जंतूंचे थेंब विकणारा कुणीही हा प्रयोग तोंडावर फेकू शकेल. त्याला दोन गोष्टी विचारा. त्या प्रयोगातली बाळं अंगावर पिणारी होती, हे तो सांगतो का? आणि बाजारातल्या बाटलीत त्या प्रयोगातलेच जंतू आहेत का? प्रत्येक जंतूचा गुण वेगळा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जंतू देण्याबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एका बाळाच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला.

दुसरा अभ्यास ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीतला. उपाशी, खुरटलेल्या मुलांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती त्यांच्या वयाच्या मानानं कोवळी राहिलेली असते, आणि नेहमीचं पोषक खाणं देऊनही ती पुरती सुधारत नाही, असं २०१४ मध्ये दिसलं. मग तिथल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या जंतूंना पोसणारं एक खाणं शोधलं. २०२१ मध्ये त्याचे निकाल आले; मुलांचं वजन नेहमीच्या पोषक आहारापेक्षा चांगलं वाढलं. त्या खाण्यात काय होतं माहीत आहे? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्चं केळं. लालबागच्या कुठल्याही वाण्याकडे आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतील अशा वस्तू.

डब्यातला बाजार

आता बघा, या ज्ञानाचं बाजारानं काय केलं. ज्या दुधाच्या साखरा आईच्या अंगात फुकट तयार होतात, त्यांतल्या एक-दोन कारखान्यात बनवून डब्यात घातल्या आणि डबा महाग केला. दीडशेतल्या दोन! जणू दोन सूर वाजवून गाणं झालं.

डब्यांचा हा इतिहास आपल्या चळवळीला नवा नाही. गरीब देशांत घाणेरड्या पाण्यात कालवलेल्या, पुरवून पुरवून पातळ केलेल्या डब्याच्या दुधानं बाळं मरत होती, म्हणून १९७० च्या दशकात जगभर आवाज उठला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत डब्यांच्या जाहिरातीला आळा घालणारी संहिता ११८ मतांनी मंजूर झाली. विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. भारतानं १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डबाबंद दुधाची आणि खाण्याची जाहिरात करायची नाही, नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही, डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च कंपनीनं करायचा नाही. मुंबईतल्याच ॲकॅश या ग्राहक संघटनेला या कायद्याखाली तक्रार नोंदवण्याचा अधिकार दिला गेला होता. कायदा चांगला आहे. पण दंड किती? पाच हजार रुपयांपर्यंत. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, पण मोठ्या कंपनीचा कुणी साहेब तुरुंगात बसलेला तुम्ही ऐकला आहे का?

आणि कंपन्या आपल्या मुलांना काय समजतात, ते २०२४ मध्ये दिसलं. पब्लिक आय या स्विस संस्थेनं तपासणी केली. नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये भारतात एका वेळच्या खाण्यामागे सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर वरून घातलेली निघाली. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये त्याच कंपनीच्या अशा खाण्यात वरून साखर नव्हती. बोभाटा झाल्यावर कंपनीनं साखर न घातलेले प्रकार भारतात आणले. म्हणजे आणता येत होते! तिथल्या बाळाचं आतडं आतडं, आणि आपल्या बाळाचं काय?

शंभर वर्षांपूर्वीही दोषी आईच

आमच्या गिरणगावाला हा अनुभव जुना आहे. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांना आढळलं की कामावर जाणाऱ्या बायकांच्या शेकडा ९८ बाळांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणून ती मिळायची. बाळ झोपून राहायचं, त्याची भूक मरायची, पोट गच्च व्हायचं, अंग झडायचं. त्या काळात मुंबईत बालमृत्यूची नोंद हजारी सहाशेच्या वर गेली होती. बाळंतपणाला बायका कोकणात गावी जायच्या, जन्माची नोंद तिकडे व्हायची आणि मृत्यूची इकडे, म्हणून आकडा फुगलेला होता, हे मान्य करू. फुगवटा काढला तरी उरतो तो आकडा भयंकरच होता.

मग शहाण्या लोकांनी काय म्हटलं? गिरणीतल्या आया अडाणी आहेत, त्यांना शिकवलं पाहिजे. त्या आया अडाणी नव्हत्या. त्या दिवसाचे दहा-अकरा तास रिळांवर आणि वाइंडिंगवर उभ्या होत्या. खोलीत बाळाला बघायला कुणी नव्हतं. जागं बाळ खोलीत एकटं सोडण्यापेक्षा झोपलेलं बाळ सोडणं त्यांना कमी धोक्याचं वाटलं. गोळी आईच्या हातात दिसली, तासांचा हिशेब मालकाच्या वहीत राहिला.

त्याच परळमध्ये, हाफकिन संस्थेत, १९२८ पासून लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर काम करत होती. मुंबईच्या गरीब गरोदर बायका, त्यांत गिरणीतल्या बायका खूप, पांढऱ्याफटक पडून बाळंतपणात दगावत होत्या. तिनं त्यांची घरं आणि ताटं पाहिली. रोगाचं मूळ तिला जंतूत सापडलं नाही, ताटात सापडलं. यीस्टच्या स्वस्त अर्कानं या बायका सुधारतात हे तिनं १९३१ मध्ये दाखवून दिलं. त्यातला गुणकारी घटक पुढे पालकाच्या पानांतून वेगळा झाला, तेच फॉलिक ॲसिड. आज जगातल्या प्रत्येक गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात, त्यांची सुरुवात आमच्या परळच्या बायकांच्या रक्तातून झाली. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५७ बायका रक्तक्षयी निघाल्या. गोळी मिळाली, ताट तसंच राहिलं. घरात शेवटी जेवणारी कोण, हा प्रश्न कुठल्या गोळीनं सुटतो?

१९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षं झाली. त्यांच्या त्या भूमिकेला आपण कुठवर नेलं?

सव्वीस आठवडे कुणाचे?

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि भरपगारी रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आली आहे. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. हिशेब जुळला असं वाटतं. पण आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले तर मागे अठराच उरतात, चार महिन्यांच्या आसपास. दोन मुलं हयात असतील तर तिसऱ्या वेळी एकूण बाराच. आणि हे कुणाला? जिचं नाव मालकाच्या वहीत आहे तिला. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला बसणारीला नाही, घरोघरी धुणीभांडी करणारीला नाही, खोलीत बसून मण्यांचं काम करणारीला नाही.

तिच्यासाठी काय आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये लिहिले आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा पहिल्या मुलासाठी पाच हजारच ठेवले. दुसऱ्या वेळी सहा हजार, पण मुलगी झाली तरच. मुंबईत पाच हजारांत किती दिवस घर चालतं ते चूल पेटवणारीला विचारा. तामिळनाडू डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत रोख आणि वस्तू मिळून अठरा हजारांची मदत देतो. तेही पुरेसं नाही, पण दुसरं राज्य करू शकतं हे त्यातून दिसतं.

आता पाळणाघराचं पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पन्नासहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. अंमलबजावणी कशीही असो, गिरणीत बाई दुपारी जाऊन बाळाला पाजून येऊ शकते, हा हक्क कागदावर तरी आला. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, परळच्या त्याच जमिनींवर मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. पण मॉलमध्ये दुकानागणिक मालक वेगळा. एका छपराखाली हजारो माणसं राबतात आणि कायद्याच्या हिशेबात दुकानात बाराच! आमच्या बैठकीला येणारी एक मुलगी अशाच एका कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. तिसऱ्या महिन्यात ती कामावर परतली. दुपारी पान्हा फुटून ब्लाउज भिजायचा, तेव्हा ती संडासात जाऊन दूध पिळून टाकायची. संध्याकाळी घरी जाताना डब्याचं दूध विकत घ्यायची. या मुलीला आपण सांगायचं का, की तुझ्या बाळाच्या पोटात चांगले जंतू नाहीत?

पाण्याचंही तेच. डब्याच्या दुधाची भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून ती निदान सत्तर अंश गरम पाण्यात कालवावी लागते, बाटली-वाटी उकळावी लागते. नळाला ठरावीक वेळच पाणी, गॅस जपून वापरायचा, दहा बिऱ्हाडांत एक संडास. अशा ठिकाणी घाणीतले जंतू मुलाच्या आतड्याचं अस्तरच खराब करतात. मग खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही. अशा घरात आई तीन वेळा हात धुवायला शिकली तरी सांडपाण्याची मोरी ती एकटी बदलू शकत नाही.

दोन आक्षेप

काही मैत्रिणी म्हणतील, अंगावरच्या दुधाचा हा आग्रह म्हणजे बाईला पुन्हा घरात कोंडणं. मातृत्वाचा उदोउदो करून बाईला चुलीशी बांधणाऱ्यांना आपण ओळखतो, त्यामुळे ही भीती रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच: जिला पाजायचं आहे तिला पाजता आलं पाहिजे, आणि जिला पाजता येत नाही किंवा पाजायचं नाही तिला कुणी गुन्हेगार ठरवता कामा नये. काही बाळांना डब्याचं दूध लागतंच. ते औषधासारखं, नीट समजावून, स्वच्छ पाण्यात द्यावं. पण पगार बुडेल म्हणून पाजणं सोडणं ही निवड झाली कुठं? ती सक्ती आहे. बाईच्या निवडीचं नाव घेऊन या सक्तीची बाजू आपण कशी घ्यायची?

दुसरे म्हणतील, आमच्या आज्या शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या, त्यांना कुठं रजा होती? खरंच, नव्हती. त्यांची किती मुलं गेली तेही विचारा. बहुतेक आज्या आकडा सांगताना थांबतात.

आणि सगळं अशक्य आहे असंही नाही. दादरपासून जवळच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या आईला दूध जास्त येतं ती ते देते, तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, ते अपुऱ्या दिवसांच्या, आजारी, आईविना बाळांना मिळतं. महापालिकेच्या इस्पितळात, गरीब बायकांच्या दुधावर हे उभं राहिलं. बाईनं बाईच्या मुलाला जगवायचं, याहून वेगळी भगिनीभावाची व्याख्या मला ठाऊक नाही. तापवल्यावरही त्या जंतूंना पोसणाऱ्या साखरा दुधात राहतात. हा प्रकार डब्यात भरून विकता येत नाही, म्हणून त्याच्या पाट्या औषधाच्या दुकानात लागत नाहीत.

आपण काय मागायचं

कुटुंब आरोग्य पाहणीच्याच आकड्यांनुसार देशात पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं शेकडा ४१.८, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी शेकडा ११.३. खासगी इस्पितळांत सिझेरियन मात्र शेकडा ४७.४! हे आकडे आयांच्या अज्ञानाचे असतील, तर देशातल्या निम्म्याहून जास्त आया अडाणी म्हणायला हव्यात. मला तसं वाटत नाही. म्हणून मागण्या अशा.

पहिली, प्रत्येक बाईला, ती नोकरीत असो, फेरीवाली असो की घरकामगार, सहा महिने किमान वेतनाइतका बाळंतपणाचा भत्ता, आणि तो सरकारी निधीतून. भार एकट्या मालकावर टाकला की तो तरुण बाईला कामावरच घेत नाही.

दुसरी, पाळणाघराचा हिशेब दुकानागणिक नको, जागेगणिक हवा. ज्या मॉलला गिरणीची जमीन मिळाली, त्यानं तळमजल्यावर पाळणाघराची खोली द्यावी.

तिसरी, प्रत्येक मोठ्या सरकारी आणि पालिका इस्पितळात मातृदुग्ध पेढी, आणि प्रत्येक प्रसूतिगृहात पाजायला मदत करणारी शिकलेली, पगारी बाई. सिझेरियननंतरही पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी द्यायचं. शस्त्रक्रिया का करतो ते आईला लिहून द्यायचं. तिच्या संमतीशिवाय बाळाच्या तोंडात डब्याचं दूध घालायचं नाही.

चौथी, १९९२ च्या कायद्याची तपासणी औषधाच्या दुकानांत आणि नर्सिंग होममध्ये नेमानं व्हावी, आणि दंड कंपनीच्या विक्रीच्या प्रमाणात असावा.

पाचवी, अंगणवाडीत सहा महिन्यांपुढच्या मुलांना डाळ, शेंगदाणे, केळं, भाजी घातलेलं ताजं खाणं. त्याबरोबरच वस्तीत पाणी आणि संडास. आणि हे सगळं सांगत दारोदार फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडीताईंना मानधन नको, पगार.

यातली एकही मागणी नवी नाही, हे मला माहीत आहे. नवं आहे ते आपल्या हातातलं शास्त्र. जंतूंच्या या शोधानं आपली बाजू भक्कम केली आहे. बाळाचं आतडं आईच्या विश्रांतीनं, ताटानं, मोहल्ल्याच्या पाण्यानं आणि इस्पितळाच्या रिवाजानं घडतं, हे आता प्रयोगशाळेत दिसतं. ते बाजाराच्या हातात सोडायचं नाही.

तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. गेल्या दोन वर्षांत बाळंत झालेल्या प्रत्येकीला चार प्रश्न विचारा: बाळ छातीशी कधी दिलं, डब्याचं दूध कुणी आणि कुणाला विचारून दिलं, कामावर कितव्या आठवड्यात परतलीस, आणि त्या काळात घर कशावर चाललं. उत्तरं लिहून काढा, वॉर्ड ऑफिसात आणि आरोग्य खात्यात नेऊन द्या, पोचपावती घ्या. आणि यापुढे कुणी एखाद्या आईकडे तिच्या बाळाच्या पोटातल्या जंतूंची चौकशी केली, तर त्याला सांगा, आधी तिच्या रजेची चौकशी कर.